समूहगीत स्पर्धेचा पैसा वृंदगानाला द्या: सीमाभागातील संगीतसभा, मंडळे आणि शाळांना खुले पत्र

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर परिसरातील संगीतसभांचे पदाधिकारी, सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांचे कार्यकर्ते आणि शाळांच्या व्यवस्थापन समित्या यांस,

सप्रेम नमस्कार.

आमची मागणी आधीच सांगतो. वर्षातून एक दिवस होणारी आंतरशालेय समूहगीत स्पर्धा दोन वर्षं थांबवा. मंडप, चषक, फलक, परीक्षकांचा प्रवास, जेवणं यांवर जाणारा पैसा एका जागी करा आणि त्यातून दर तीन शाळांमागे एक पगारी वृंदगान शिक्षक, म्हणजे मुलांना गटानं एकजीव गायला शिकवणारा, जून ते मार्च ठेवा. हा शिक्षक ख्याल (शास्त्रीय रागगायन) शिकलेला, मैफलीत गाणारा असावा. वर्षअखेरीस त्याच्या वृंदाचा कार्यक्रम होईल, त्यात त्याला स्वतःला पाऊण तास गायला मिळावं. मुलांच्या गळ्यांची होणारी नासाडी थांबावी आणि विशारद होऊन घरी बसलेल्या तरुण गायकाला रोजीरोटी मिळावी, या दोन्हींसाठी आम्हाला याहून जवळचा रस्ता दिसत नाही.

या मातीला गळ्यांची वाण कधीच नव्हती. कुमार गंधर्व जन्मले ते बेळगावजवळच्या सुळेभावीत, १९२४ साली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तिथं स्वागतगीत गायला लहानगी गंगूबाई हनगल होती. संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. कुंदगोळचे सवाई गंधर्व आणि धारवाडजवळच्या मन्सूरचे मल्लिकार्जुन मन्सूर हे दोघेही नाटक कंपनीतून गेले होते, आणि हा मुद्दा आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. कंपनी गाणाऱ्या पोराला दोन वेळचं जेवण द्यायची, पगार द्यायची, तालीम द्यायची आणि समोर प्रेक्षक द्यायची. मोठ्यांच्या मागे उभं राहून गाता गाता पोरगं पुढे यायचं. कंपन्या बुडाल्या. त्यांनी जे काम केलं ते करणारं दुसरं काही आपण उभं केलं नाही.

आज इथला गायक कसा घडतो ते पाहा. सहाव्या-सातव्या वर्षी क्लास सुरू होतो. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम, विशारद पूर्ण अशा सात परीक्षा होतात. कुणी पुढे अलंकार ही परीक्षा करतं, कुणी धारवाडच्या किंवा कोल्हापूरच्या विद्यापीठात संगीत घेतं. मग आकाशवाणीची स्वरचाचणी. तिथं बी श्रेणी मिळाली तर कधीतरी ध्वनिमुद्रणाचं बोलावणं येतं. बी-हाय, ए, टॉप या पुढच्या पायऱ्या. म्हणजे पंधरा-अठरा वर्षं शिकून झाल्यावर हातात प्रमाणपत्र असतं, पण नियमित काम नसतं. आषाढीला अभंग, गणपतीत भक्तिसंगीत, नवरात्रात देवीची पदं, दिवाळी पहाट, की संपलं. फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत फोन वाजत नाही. उरलेलं वर्ष शिकवण्यांवर निघतं, आणि त्याही मार्चमध्ये परीक्षांमुळे बंद होतात. अशा गायकाचा रियाज आधी सकाळचा एक तास होतो, मग अर्धा, मग रविवारपुरता उरतो. यात आळस कुणाचा नाही. ज्याला महिनाअखेरीचा भरवसा नाही तो दोन तास खर्जाला, म्हणजे अगदी खालच्या स्वरांच्या रियाजाला, बसू शकत नाही.

युरोपात मैफलीतला गायक आणि वृंदातला गायक हे बऱ्याचदा एकच माणूस असतो. जर्मनीत नभोवाणीचे आणि ऑपेरागृहांचे वृंद पगारी आहेत; इंग्लंडमध्ये बीबीसी सिंगर्स हा वृंद १९२४पासून चालू आहे. २०२३मध्ये तो बंद करायचं जाहीर झालं, तेव्हा इतका विरोध झाला की निर्णय मागे घ्यावा लागला. या गायकांना वृंदाचा पगार असतो, आणि मोकळ्या दिवसांत ते एकल गातात. आपल्याकडे तेवढा पैसा नाही, मान्य. पण दहा महिन्यांची ठरलेली रक्कम आणि वर्षातून एक हक्काची मैफल इतकं तीन शाळा आणि एक मंडळ मिळून देऊ शकतात.

आता स्पर्धा का थांबवा म्हणतो, ते. स्पर्धेच्या गाण्यात पहिली चूक पट्टीची, म्हणजे सा कोणत्या उंचीवर धरायचा याची, होते, आणि बाकीच्या सगळ्या चुका तिच्यातून निघतात. आठ ते बारा वर्षांच्या मुलाचा बिनताणाचा आवाका साधारण दीड सप्तकाचा असतो: पेटीच्या खालच्या सप्तकातल्या काळी पाचपासून (पाचव्या काळ्या पट्टीपासून) वरच्या सप्तकातल्या पांढरी तीनपर्यंत (तिसऱ्या पांढऱ्या पट्टीपर्यंत). शिकवणाऱ्या बाईंची स्वतःची पट्टी काळी चार किंवा काळी पाच असते, आणि त्या त्याच पट्टीत गाणं बसवतात. गाणं मंद्र पंचमात (खालच्या सप्तकातल्या प वर) उतरलं की मुलांना तो स्वर नसतोच; निम्मी गप्प बसतात, निम्मी घशातून गुरगुरतात. शिकवणारे सर असले तर पट्टी काळी एक असते. मुलांनी ती एक सप्तक वरून गायची असते; पण काही मुलगे सरांचीच नक्कल करत खालून गातात, आणि वरून गाणारी तार गंधाराला (वरच्या सप्तकातल्या ग ला) पोचली की ओरडतात. परीक्षक त्या ओरडण्याला जोश म्हणून गुण देतात. पुढच्या वर्षी सगळ्या शाळा तेच करतात.

उपाय अवघड नाही. गाण्यातला सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा स्वर आधी शोधा. गाणं मंद्र निषाद (खालचा नी) ते तार रिषभ (वरचा रे) एवढ्यात असेल तर षड्ज (सा) मधल्या सप्तकातली काळी एक किंवा पांढरी दोन. मंद्र पंचमापासून तार षड्जापर्यंत असेल तर काळी दोन. षड्जाच्या खाली न जाता तार मध्यमापर्यंत (वरच्या म पर्यंत) चढत असेल तर खालच्या सप्तकातली काळी पाच. मंद्र पंचम ते तार मध्यम असं पावणेदोन सप्तकांचं गाणं लहान मुलांना देऊच नका, मग ते कितीही लोकप्रिय असो. मोबाईलवरच्या तयार ट्रॅकवर गाणं बसवण्याची जी रीत पडली आहे ती तर पट्टी निवडायची सोयच ठेवत नाही, कारण ट्रॅकची पट्टी मूळ गायकाच्या गळ्याची असते. शिवाय ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. मुलांचा श्वास तुटला तरी तो पुढे जातो, आणि मुलं ऐकायचं सोडून धावायला शिकतात.

मुलग्यांचा आवाज फुटतो ते वय बारा ते पंधरा. स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज जवळपास एक सप्तक खाली येतो. या काळात त्यांना वृंदातून काढून टाकणं, किंवा नुसते ओठ हलवायला सांगणं, ही आपल्या शाळांतली सर्रास पद्धत आहे. यात मुलगा गाण्यापासून कायमचा तुटतो. त्याला पाच-सहा स्वरांचं काम द्या: षड्ज-पंचमाचा आधार, स्थायीची (गाण्याच्या पहिल्या भागाची) खालची ओळ, पालुपद. दर महिन्याला त्याचा आवाका पुन्हा तपासा, कारण जूनमधला आवाज ऑगस्टमध्ये राहत नाही. जोर लावायला मात्र कधीच सांगू नका. मुलींचाही आवाज या वयात थोडा उतरतो आणि काही काळ हवेशीर, पोकळ लागतो. त्याला दोष समजून घसा आवळून गायला लावलं तर पुढे खरखर पक्की होते.

ज्याला आपण बेसूर म्हणतो त्या मुलाबद्दलही सांगायला हवं. बहुतेक वेळा त्याचा कान ठीक असतो, त्याला वरचा आवाज सापडलेला नसतो, एवढंच. तो बोलण्याच्या जाड आवाजातच गायला बघतो. त्याला ‘ऊ’ म्हणत आवाज खालून वर आणि वरून खाली घसरवायला लावा. दोन-तीन आठवड्यांत तो षड्जाजवळ येतो. उभं करताना दोन पक्क्या गळ्यांच्या मधे करा, कडेला नको.

तालीम आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी एक तास, चोवीस ते तीस मुलं. याहून मोठा गट एका शिक्षकाला ऐकू येत नाही. सुरुवातीची पाच मिनिटं खांदे-मान मोकळी करायला. मग मिटल्या ओठांनी गुणगुणणं, मधल्या पाच स्वरांत, अगदी हळू. मग दहा मिनिटं फक्त षड्ज, तानपुऱ्यावर, आणि तो असा की शेजाऱ्याचा आवाज स्वतःच्या आवाजाइतकाच ऐकू यायला हवा. नाही आला तर आपण मोठ्यानं गातोय. त्यानंतर दोन अलंकार (सरावाचे स्वरसमूह), त्या दिवशीच्या रागाचे. गाण्याचे शब्द आधी तालात नुसते बोलून घ्यायचे, हातावर टाळी-खाली धरून. मग एक ओळ सरगमने, मग आकाराने (नुसत्या ‘आ’नं), मग शब्दांनी. शेवटच्या वीस मिनिटांत पेटी बंद. हे फार महत्त्वाचं आहे. पेटी सतत चाल वाजवत राहिली की प्रत्येक मूल पेटीबरोबर गातं, एकमेकांबरोबर कुणीच गात नाही. त्यात पेटीचे स्वर समान अंतरावर लावलेले असतात. तानपुऱ्याच्या जोडीतून जो गंधार आपोआप कानावर येतो त्याहून पेटीचा गंधार किंचित चढा असतो. तानपुऱ्यावर तयार झालेला वृंद गंधाराला येऊन थांबला की खोलीभर जो गोडवा पसरतो, तो पेटीवर तयार झालेल्या वृंदात येत नाही.

लांब ओळीत श्वास पाळीपाळीने घ्यायचा असतो. शेजारी श्वास घेत असेल तेव्हा आपण घ्यायचा नाही, शब्दाच्या मधे घ्यायचा पण हळूच परत यायचं, आणि सगळ्यांनी एकदम घ्यायच्या जागा कागदावर खुणेने दाखवायच्या. हे मुलांना दहा मिनिटांत कळतं, पण अंगवळणी पडायला तीन महिने लागतात. आठवड्याभराच्या तयारीवर स्पर्धेला जाणाऱ्या गटाला ते कधीच येत नाही.

वृंद म्हणजे फक्त सगळ्यांनी एकच ओळ गाणं नव्हे. पण रागात दोन-तीन ओळी एकावर एक रचताना चर्चमधल्या चौपदरी (एकाच वेळी चार वेगळ्या ओळींच्या) रचनेची नक्कल केली तर राग मोडतो. यमनचा तीव्र मध्यम पंचमाशेजारी एकाच वेळी लागला की कानाला टोचतो. म्हणून सुरुवात अशा रागांपासून करावी ज्यांच्या पाच स्वरांत अर्ध्या अंतराची जोडी नाही. भूप हा पहिला. भूपात कुठलाही स्वर कुठल्याही स्वरावर आला तरी भांडत नाही. एक गट स्थायी गातोय, दुसरा तीच ओळ चार मात्रा उशिरा उचलतोय, तिसरा षड्ज-पंचम धरून आहे, तरी सगळं सुखानं चालतं. भूपाचे स्वर तसेच ठेवून षड्ज रिषभावर नेला तर मेघाचे स्वर मिळतात, गंधारावर नेला तर मालकंसाचे, पंचमावर दुर्गाचे आणि धैवतावर धानीचे. मूर्च्छनेचा हा खेळ दहा-बारा वर्षांच्या मुलांना फळ्यावर दाखवला तर पाच रागांची ओळख एका तासात होते. मालकंसात पंचम नाही, तेव्हा तानपुऱ्याची पहिली तार मध्यमाला लावायला विसरू नये. हंसध्वनीही पाच स्वरांचाच, पण त्यात निषाद आणि षड्ज लगतचे असल्यामुळे तो दुसऱ्या वर्षी घ्यावा.

मोठ्यांच्या वृंदात, म्हणजे मंडळाच्या, भजनी गटाच्या किंवा कॉलेजच्या, स्त्री-पुरुष एकत्र येतात आणि पट्टीचा घोळ पुन्हा होतो. पुरुषांची सवय काळी एकची, बायकांची काळी चारची. कोणाच्याही एकाच्या सवयीनं गेलं तर दुसरा अर्धा वृंद मरतो. पांढरी दोन घ्या, आणि मंद्र पंचम ते तार षड्ज एवढ्यातली रचना निवडा. दोघेही आपापल्या सप्तकात सुखानं गातील.

आपल्या भागात आणखी एक ठेवा आहे आणि आपण तो पाहतच नाही. बेळगावच्या कॅम्प भागातल्या आणि इतर चर्चमध्ये कोंकणी, मराठी, कन्नड, इंग्रजी अशा भाषांतून गाणारे गट आहेत. सोप्रानो, आल्टो, टेनर, बेस असे पदर सांभाळून दुसऱ्याची ओळ कानावर येत असताना आपली ओळ न सोडणं, हे त्यांच्या गायकांना लहानपणापासून ठाऊक असतं. वर्षातून दोन कार्यशाळा त्यांच्या संचालकांकडून घ्या, रीतसर मानधन देऊन. त्यांच्याकडे रागाचं शिक्षण नाही, आपल्याकडे पदरांचं नाही.

भाषेचंही तसंच. इथल्या गायकाला अभंगाबरोबर वचनं आणि दासरपदं ही कन्नड भक्तिपदं गाता आली पाहिजेत, कारण खानापुरात जो श्रोता समोर असतो तो गोकाकला नसतो. पंडित भीमसेन जोशींनी दोन्ही भाषांतल्या श्रोत्यांना आपलंसं केलं ते दोन्हींतल्या उच्चारांचा मान राखून. कन्नड पद देवनागरीत लिहून देताना ऱ्हस्व-दीर्घ ए आणि ओ हा फरक लिपीत नाहीसा होतो, आणि मराठी मुलं सगळेच ए लांब ओढतात. त्यामुळे अर्थही बिघडतो आणि मात्राही. दीर्घ अक्षराखाली रेघ मारून द्या. उलट कन्नड घरातल्या मुलांना मराठीतले दोन च आणि दोन ज वेगळे करून दाखवावे लागतात: ‘चंद्र’ मधला आणि ‘चांदणं’ मधला. हे काम पहिल्याच तालमीत करावं. चाल गळ्यात बसल्यावर उच्चार बदलत नाही.

आता संगीतसभांशी आणि मंडळांशी थोडं स्पष्ट बोलायचं आहे. आपण बाहेरच्या मोठ्या कलाकाराला बोलावता, जरूर बोलवा. त्यांच्या गाण्यावरच आमचे कान तयार झाले. पण त्यांच्या आधी स्थानिक गायकाला जी वेळ दिली जाते ती बहुधा कागदावरच राहते. कार्यक्रम सहाचा असतो. दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांची ओळख, देणगीदारांचे सत्कार आणि दोन भाषणं होईपर्यंत सव्वासात वाजतात, आणि चाळीस मिनिटांची वेळ पंधरावर येते. विलंबित एकतालाचं बारा मात्रांचं एक आवर्तन संथ लयीत जवळजवळ मिनिटभराचं असतं. पंधरा आवर्तनांत स्वरविस्तार, बोल, ताना, द्रुत बंदिश असं काय होणार? मग तो गायक बडा ख्याल टाकून देतो, एक छोटा ख्याल आणि एक नाट्यगीत गातो, आणि श्रोते म्हणतात, हा काही ख्यालाचा गायक नाही. पुढच्या वर्षी त्याला सुगम संगीतालाच बोलावलं जातं. एखाद्याची अख्खी वाट अशी वळते, आणि वळवणाऱ्यांच्या ते लक्षातही येत नाही.

उघड्या मंडपात रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावाच लागतो. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ही वेळ बंद ठेवली आहे, काही सणांच्या दिवशी सरकार बारापर्यंत सूट देतं तेवढी सोडून. तेव्हा वेळ मागून खेचता येत नाही, पुढूनच वाचवावी लागते. सत्कार मध्यंतरात घ्या. बंदिस्त सभागृहाला हा नियम तसाच लागू नाही, म्हणून रात्रीचे राग ऐकायचे असतील तर कुमार गंधर्व रंगमंदिरासारख्या बंद जागेत कार्यक्रम ठेवा.

ध्वनिव्यवस्थेवर इथं सगळ्यात जास्त पैसा खर्च होतो आणि सगळ्यात जास्त नुकसानही तिथंच होतं. मिरवणुकीची आणि ऑर्केस्ट्राची सवय असलेला ऑपरेटर ख्यालाला घुमारा (आवाज घुमवणारा परिणाम) लावतो. स्वर पुसला जातो, गायकाला स्वतःचा आवाज परत येताना दोनदा ऐकू येतो आणि तो नकळत जोर लावतो. ख्यालाला घुमारा नको. गायकाला एक माइक, तानपुऱ्यांना एक, पेटीला एक, तबल्याच्या दोन्ही अंगांना एकेक, आणि गायकाच्या समोर एक मॉनिटर ज्यात फक्त त्याचा आवाज आणि तानपुरा. वृंदाला प्रत्येक चार मुलांमागे एक माइक देऊ नका. चोवीस मुलांना दोन कंडेन्सर माइक पुरतात: पहिल्या ओळीपासून साधारण तीन फुटांवर, डोक्यांच्या वर, खाली तोंड करून, आणि दोन माइकमधलं अंतर माइक ते मुलं या अंतराच्या किमान तिप्पट. जवळ जवळ ठेवले तर एकच आवाज दोन्हीकडे किंचित मागेपुढे पोचतो आणि पोकळ होतो. चाचणी प्रेक्षक यायच्या आधी, पूर्ण वृंद उभा करून. मुलं दोन किंवा तीन पायऱ्यांवर, मागची ओळ पुढच्यांच्या डोक्यावरून गाईल अशी.

एक विनंती तानपुऱ्यांबद्दल. प्रत्येक सभेच्या मालकीची मिरजेची एक जोडी असावी. मिरज इथून रेल्वेनं काही तासांवर, तिथल्या सतार-तानपुऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि जवारी (तारेचा घुमणारा नाद) काढून देणारे कारागीरही तिथंच. पण एकाच मापाची जोडी घेऊन चालत नाही. काळी एकच्या तारा बसवलेला मर्दानी तानपुरा काळी चारला ओढला तर तारा तुटतात. जनानी तानपुरा खाली उतरवला तर तारा सैल पडतात आणि जवारी बोलेनाशी होते. दोन वेगळे तानपुरे घ्या, किंवा गायकाची पट्टी आठवडाभर आधी विचारून त्या मापाचा मागवा. तबल्याचंही तेच: काळी एकला अरुंद तोंडाचा लागतो, काळी चारला रुंद तोंडाचा. इथल्या पावसाळी हवेत पुडी (तबल्याचं कातडं) ओल धरते आणि तबला उतरतो, म्हणून श्रावणातल्या कार्यक्रमाला तबलजीला एक तास आधी मंचावर जागा द्या.

पैशाबद्दल संकोच नको. मानधनाचा आकडा, प्रवासखर्च आणि साथीदारांची रक्कम वेगवेगळी लिहून द्या. एकत्र पाकीट दिलं की गायकानं आपल्यातून तबला, पेटी आणि तानपुऱ्याची साथ करणाऱ्यांना वाटायचं असतं, आणि नवा गायक बऱ्याचदा स्वतःकडे काही न उरता घरी जातो. रक्कम त्याच रात्री द्या. शाल-श्रीफळ हा मान झाला, तो मोबदल्याच्या हिशोबात धरू नका. वृंदगान शिक्षकाशी दहा महिन्यांचा करार करा: तीन शाळा, प्रत्येकी दोन तासिका, म्हणजे आठवड्याला सहा, सुट्टीच्या महिन्यांतही रक्कम चालू, आणि वर्षअखेरीचा दीड तासाचा कार्यक्रम, ज्यात अर्धा तास मुलं, पाऊण तास शिक्षकाचं स्वतःचं गाणं, शेवटी पंधरा मिनिटं सगळे मिळून. शाळेत त्याला बदली तासांना, गॅदरिंगच्या सूत्रसंचालनाला किंवा शिस्त राखायला जुंपू नका. वर्गात दिवसभर ओरडणारा घसा संध्याकाळी खर्ज लावू शकत नाही. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर त्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवा आणि तोवर तासिका थांबवा; स्वरतंतूंवरच्या गाठी सुरुवातीला विश्रांती आणि योग्य सरावानं बऱ्याच वेळा जातात, वर्षभर दुर्लक्ष केल्यावर ते कठीण होतं.

आमच्या क्षेत्रातल्या काही ज्येष्ठांचा वृंदगानाला विरोध आहे, आणि तो पोकळ नाही. ते म्हणतात, वृंदात गळा सपाट होतो. मींड (स्वरावरून स्वरावर घसरत जाणं), गमक (स्वर जोरानं हेलकावणं), स्वतःचा लगाव (स्वर लावण्याची ढब) दाबावा लागतो. ख्याल ही एकट्याची विद्या आहे. हे खरं आहे, म्हणूनच आम्ही वृंद हा गुरूसमोर बसून शिकण्याला पर्याय म्हणून सुचवत नाही. ज्या मुलात ख्यालाची चुणूक दिसेल त्याची वेगळी शिकवणी हवीच, आणि मैफलीच्या दिवशी त्यानं वृंदात गाऊ नये. पण स्थिर षड्ज, दुसऱ्याचं ऐकण्याची सवय, श्वासाचा हिशोब, तालात शब्द टाकणं या चार गोष्टी वृंदात जितक्या लवकर येतात तितक्या एकट्याच्या शिकवणीत येत नाहीत. आणि ज्या तीस मुलांमधून एकच गायक निघेल, त्यातली उरलेली एकोणतीस पुढे तिकीट काढून ऐकायला बसणारी असतील. आज आपल्या सभांना तरुण श्रोता मिळत नाही त्याचं कारण आम्ही इथंच शोधतो.

स्पर्धा पूर्ण थांबवणं एखाद्या समितीला जमणार नसेल तर निदान गुणपत्रिका बदला. शंभरपैकी सुराला पस्तीस, एकजीवपणाला पंचवीस, लयीला वीस, उच्चारांना वीस. पोशाखाला, हातवाऱ्यांना आणि जोशाला शून्य. तयार ट्रॅकला मनाई. आणि पट्टी कोणती घेतली, का घेतली, हे प्रवेशअर्जात लिहायला लावा. तेवढ्यानंसुद्धा शिक्षक आधी मुलांचा आवाका तपासतील.

शाळा जूनमध्ये सुरू होतील. ज्या समित्या तयार असतील त्यांनी मेच्या मध्यापर्यंत तीन-तीन शाळांचे गट ठरवावेत. मुलांचे आवाज तपासून त्यांचे गट पाडणं आणि पट्टी ठरवणं याला एका शाळेला दोन तास लागतात. शहापूर, वडगाव, अनगोळपासून खानापूर-निपाणीपर्यंत कुठल्याही शाळेत त्या पहिल्या भेटीला आम्ही तानपुरा घेऊन येऊ, त्याचं मानधन नको. आम्हाला एक शांत खोली लागेल, रस्त्याच्या बाजूची नसलेली, आणि पंखा बंद करता येईल अशी.

आपले,
सीमाभागातील काही गायनशिक्षक आणि साथीदार